बिनब्रेकची गाडी

खोली भाड्याने देण्याआधी आमच्या घरमालकांनी, म्हणजे काकांनी, मला एकच प्रश्न विचारला होता. "शिट्टी वाजवता येते का? बोटं घालून?"

त्याआधी मी नालासोपारा आणि विरारमध्ये बऱ्याच खोल्या पाहिल्या होत्या. सगळीकडे प्रश्नपत्रिका ठरलेली. गाव कुठलं, तुमच्यात मासे-मटण चालतं का, लग्न अजून का नाही, भेटायला कोण कोण येणार. एकट्या बाईला खोली देताना लोक जेवढी चौकशी करतात, तेवढी सून आणतानाही करत नसतील. शिट्टी मात्र कुणी विचारली नव्हती. मला ती येत होती. लहानपणी आजोळी, साताऱ्याकडे, शेळ्यांमागे हिंडताना शिकले होते आणि त्यासाठी आईच्या हातचा मारही खाल्ला होता. मी तिथेच, त्यांच्या ओटीवर उभी राहून, दोन बोटं तोंडात घातली. समोरच्या चिंचेवरचे कावळे उडाले आणि आतून काकी पदर सावरत धावत बाहेर आल्या.

"बास," काका म्हणाले. "खोली तुमची. रविवारी मोकळ्या असता ना?"

त्यांचं घर नालासोपारा पश्चिमेला, कळंबच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. खाडीकाठी वडिलोपार्जित भातशेती, मागे नारळ, तळमजल्यावर काका-काकी आणि वर मी. मुलगी लग्न होऊन पुण्याला. मी विरारला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. काकांची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती. स्कूल म्हणजे स्टेशनजवळ एक गाळा, भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर एक पांढरी गाडी, जिच्यात डाव्या बाजूलाही ब्रेक होता. त्या डाव्या ब्रेकवर पाय ठेवून काकांनी आयुष्य काढलं होतं.

"गाडी चालवता सगळ्यांनाच येते," ते म्हणायचे. "थांबवता किती जनांना येते?" त्यामुळे त्यांच्याकडे पहिला अख्खा दिवस फक्त थांबायचं असे. शिकाऊ माणसाने पाच पावलं गाडी पुढे न्यायची आणि थांबवायची. पुन्हा न्यायची, पुन्हा थांबवायची. फुलपाड्याच्या एका मॅडम याला वैतागून दुसऱ्या स्कूलमध्ये गेल्या, तिथे शिकून आल्या आणि गाडी घेऊन थेट काकांच्या गाळ्याच्या पायरीवर चढल्या. काकांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "बसा. आता थांबायचं शिकू." अपघात हा शब्द ते कधी उच्चारत नसत. दोन गाड्यांची "भेट झाली" म्हणत. एखादी भेट जोरात झालेली असे, एखादी सहज.

डाव्या पायाची ही सवय घरातही जात नसे. रिक्षात बसले की त्यांचा पाय पुढच्या पत्र्यावर दाबला जाई. टीव्हीवर मालिकेतली नायिका जिन्यावरून घाईने उतरू लागली तरी पाय दाबला जाई. काकींनी त्या जागची फरशी झिजल्याचं मला एकदा दाखवलं होतं. मला ती बाकीच्या फरशीसारखीच दिसली, पण मी हो म्हणाले.

अशा माणसाने साठी उलटल्यावर जी गाडी घेतली तिला ना इंजिन होतं ना ब्रेक. हे मला तेव्हाही समजलं नाही आणि आता त्या घरातून निघून इतकी वर्षं झाल्यावरही नीट समजलंय असं म्हणवत नाही.

गाडी म्हणजे तीन चाकांचा सांगाडा. बसणाऱ्याचं बूड जमिनीपासून वीतभर वर. पाय पुढच्या चाकाच्या दांड्यांवर, चाक वळवायचं ते पायांनी. हातात दोन मुठी, प्रत्येक मुठीला दोन दोऱ्या, आणि त्या चार दोऱ्यांच्या टोकाला खोलीभर मोठा कापडी पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला आणि माणसाच्या बुडाखाली गाडी असल्यामुळे गाडी जाते. परदेशात याला खेळ म्हणतात. काकांनी तो फोनवर पाहिला, रात्रभर झोपले नाहीत आणि सकाळी वेल्डिंगवाल्याकडे गेले, असं काकी सांगत.

पहिल्या गाडीला त्यांनी स्कूटरची चाकं लावली. ती वाळूत अशी रुतली की ओढून काढायला घोडागाडीवाल्याचा घोडा आणावा लागला. मग घमेल्यासारखी रुंद, कमी हवेची चाकं आली. सांगाडा लोखंडाचा होता, तो खाऱ्या हवेने एका पावसाळ्यात खाल्ला. मग स्टीलचा आला. पतंग मात्र त्यांनी मुंबईच्या एका गृहस्थाकडून घेतला. त्या गृहस्थांच्या बायकोने घरात पतंग राहील नाहीतर मी, असं सांगितलं होतं. काकींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शानी बाई."

काकींचं म्हणणं सरळ होतं. या वयात तुम्हाला स्वतःची हाडं मोडून घ्यायची असली तर घ्या, पण किनाऱ्यावर लेकरंबाळं असतात, त्यातल्या कुणाला लागलं तर? यावर काकांनी देवासमोर उभं राहून शब्द दिला. "या पतंगानं कोनालाबी लागलं, तर त्या दिवसापासून मी या गाडीत बसनार नाय." काकींनी तो शब्द ऐकला आणि आत जाऊन भात लावला. माझ्या मते, एखाद-दोन रविवारात काम होईल असा त्यांचा अंदाज असावा.

पण काकांनी तो शब्द असा पाळायला घेतला की भाडेकरू असून मीही त्यात भरडले गेले. पतंगाच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे, एक माणूस शिट्टी घेऊन उभा हवाच. आमच्या किनाऱ्यावर दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो. तेव्हा तो माणूस सुरूच्या झाडांच्या बाजूला उभा राहायचा आणि मधे येणाऱ्यांना हटवायचा. तो माणूस मी. प्लास्टिकची शिट्टी त्यांना चालत नसे. ती जीवरक्षकही वाजवतात आणि लोकांना तिची सवय झालीय, असं त्यांचं मत. बाईमाणसाने बोटं घालून वाजवली की मात्र अख्खा किनारा वळून बघतो. हे खरं होतं. मी कित्येक रविवार अख्ख्या किनाऱ्याला वळून बघायला लावलं आहे.

वारा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा असला तर गाडी स्कूलच्या मोटारीच्या डिकीतून उतरायचीही नाही. ओहोटीची ओली, कडक वाळू सोडून जायचं नाही. वारा वाढला की मोठा पतंग उतरवून लहान लावायचा, मोठ्यालाच सांभाळून घेण्याचा शहाणपणा करायचा नाही. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना कवच, हातांत मोजे. आणि मनगटांना पट्टे. या पट्ट्यांवर काकांचा फार जीव. मुठी हातातून सोडल्या की ओढ मनगटाच्या पट्ट्यांवर येते, पट्टे पतंगाची मागची कड खेचतात आणि पतंगातली हवा जाऊन तो फडफडत खाली पडतो. "हाच आपला ब्रेक," काका सांगायचे. "दाबायचा नाय. सोडायचा." गाडीत बसण्याआधी ते किनाऱ्यावर उभे राहून पतंग उडवत आणि मुठी सोडत. पुन्हा उडवत, पुन्हा सोडत. बघ्यांना वाटे, म्हाताऱ्याला पतंग धरता येत नाही.

एकदा एका हवालदारांनी अडवलं. वाहन कुठल्या प्रकारात मोडतं, असा त्यांचा प्रश्न.

"इंजिन?"

"नाय साहेब."

"ब्रेक?"

"नाय."

"मग लायसन?"

"कोन देनार?" काका म्हणाले. "मीच इतक्यांना काढून दिली, पन याचं मलाच कोनी देत नाय."

हवालदार हसले. निघताना त्यांनी आपल्या मेव्हण्याला गाडी शिकवण्याचं विचारून घेतलं.

मासळी वाळवणाऱ्या बायकांशी मात्र त्यांनी आधीच जाऊन बोलणी केली होती. बोंबलांच्या दोऱ्या बांधलेल्या असत त्या भागाकडे गाडी फिरकणार नाही, असं ठरलं. त्यांच्यातल्या म्होरक्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "या गाडीतनं मासली बाजारात नेता येल का?" नाही म्हटल्यावर त्यांचा गाडीतला रस संपला.

आता मुख्य धोक्याबद्दल सांगते. परदेशी व्हिडिओंत खडक, खड्डे, वाऱ्याचे झोत असं बरंच सांगितलेलं असतं. भल्या माणसांबद्दल कुणी काही सांगत नाही. आपल्याकडे पतंग पडला आणि उडवणारा लांब दोरी धरून उभा असला, की वाटेने जाणारा कुणीही जातो, पतंग उचलतो, दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो आणि ओरडतो, "सोडू का?" ओळख लागत नाही. ही साधी माणुसकी आहे. गच्चीवर वाढलेल्या प्रत्येकाच्या अंगात ती भिनलेली आहे. काकांचा पतंग पडला की किनाऱ्यावरची सगळी माणुसकी त्याच्याकडे धाव घेई. खोलीएवढा पतंग वाऱ्यात वर धरणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसे. मी शिट्ट्या मारत, ओरडत मधे पडायची. काकांनी पाटी केली, "पडलेल्या पतंगास हात लावू नये." लोक ती वाचत आणि मग पतंग उचलत. शेवटी मी पतंग पडला की पहिली धावत जाऊन त्याच्या कडेवर वाळू लोटायला शिकले. इतकं करून काकांनी कुणालाही लागू दिलं नाही. एका रविवारी एका काकडीवाल्याच्या पायात दोरी अडकली, तेव्हा काकांनी त्याचा पाय मांडीवर घेऊन चष्मा लावून तपासला. ओरखडा नव्हता. त्या दिवशी त्यांनी सगळी काकडी विकत घेतली आणि आम्ही दोन दिवस कोशिंबीर खाल्ली.

काकी या सगळ्यात कधी किनाऱ्यावर आल्या नाहीत. डबा देत, परत आल्यावर वाळू झाडायला लावत, पण यायच्या नाहीत. काकांना ते लागत असे. ते तसं बोलत नसत. फक्त गाडी डिकीत ठेवताना दर वेळी दाराकडे बघून मोठ्याने म्हणत, "आज वारा मस्त हाय."

मग अर्नाळ्याला एका भाचीचा साखरपुडा निघाला. मलाही बोलावणं होतं. परत येताना काकांनी गाडी किनाऱ्याच्या बाजूला घेतली. डिकीत सगळं सामान होतंच. काकी जरीची साडी, नथ, केसांत अबोलीचा गजरा अशा थाटात मागच्या सीटवर बसल्या होत्या. "अर्धा तास," काका म्हणाले. "तू शहाळं पी." काकी उतरल्या. शहाळंही पिऊन झालं. मग चपला हातात घेऊन माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

काका त्या दिवशी सुंदर चालवत होते. मला या खेळात फारसं काही वाटत नाही, तरी एवढं म्हणेन. दूरवर जात, पतंग डोक्यावरून पलीकडे नेत, वळत आणि आवाज न करता परत येत. चाकांखालचं पाणी तेवढं उडायचं. काकी बघत होत्या. "असं करतात होय," एवढंच म्हणाल्या.

काका आमच्या समोर आल्यावर वारा पडला आणि पतंग हळूच वाळूवर बसला. नेमक्या त्याच वेळी पर्यटकांची घोडागाडी दोऱ्यांच्या दिशेने येत होती. मी शिट्टी वाजवत तिकडे धावले. काकांच्या चष्म्यावर खारं पाणी उडालं होतं. नियमाप्रमाणे त्यांनी मुठी सोडायला हव्या होत्या. त्यांनी त्या मांडीखाली दाबून ठेवल्या आणि चष्मा पुसायला घेतला. इतक्या वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मला वाटतं, त्यांना काकी स्पष्ट दिसायला हव्या होत्या.

काकींनी नवऱ्याचा पतंग पडलेला बघितला. चपला ठेवल्या, पदर खोचला, जाऊन पतंगाची कड धरली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. यामागचं मला नंतर कळलं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासरच्या गच्चीवर त्या अशाच पतंग धरून उभ्या राहिल्या होत्या.

"सोडू?" त्या ओरडल्या.

तेवढ्यात वारा आला. पतंग भरला. मुठी काकांच्या मांडीखाली होत्या, त्यामुळे मनगटाच्या पट्ट्यांना काही करता आलं नाही. काकी पतंगाला धरून उचलल्या गेल्या, चार-सहा पावलं फरफटल्या आणि हातावर पडल्या. त्यांनी पतंग सोडला नव्हता, कारण पलीकडून "सोड" आलं नव्हतं. काकांनी मुठी उपसून काढल्या आणि फेकल्या. पतंग फडफडला आणि काकींच्या अंगावर पडला. लाल-पिवळ्या कापडाखाली त्या पूर्ण झाकल्या गेल्या. मी कापड बाजूला केलं तेव्हा नथ कानाकडे सरकली होती आणि मनगट भलत्याच कोनात होतं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग वर आभाळाकडे पाहिलं.

"उडला का?" त्यांनी विचारलं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर काकांनी पतंग गोड्या पाण्यात धुतला, वाळवला, घडी केली. गाडीची बेअरिंगं उघडून ग्रीस भरलं. मग सगळं मागच्या पडवीत ठेवून वर ताडपत्री बांधली. शब्द म्हणजे शब्द.

इथून पुढचे दिवस घरातल्या सगळ्यांनाच जड गेले. काका दुपारी ओटीवर बसत. वारा सुटला की उठून आत जात. जेवण अर्धं ठेवत. "हाड मोडलंय माझं आन् कन्हतायत हे," काकी मला म्हणाल्या. त्यांनी समजावून पाहिलं. चूक माझी, मी हात लावला. काका म्हणत, शिकाऊ मानसानं गाडी ठोकली तरी चूक शेजारी बसलेल्याचीच असते. मग काकींनी दुसरी बाजू लावून धरली. शब्द लोकांबद्दल दिला होता, मी काय लोकांतली हाय? "कोनालाबी, असं म्हटलं होतं," काका म्हणाले. "त्यात तू पहिली."

प्लास्टर निघालं. हात थोडा ताठ राहिला, पण भाकरी थापता येऊ लागली. एका संध्याकाळी मी खाली चहाला बसले होते. काकींनी काकांपुढे कप ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"तुमी शब्द दिलात, तुमी बसू नका," त्या म्हणाल्या. "मी काय शब्द दिलेला नाय. मला शिकवा."

काका नाही म्हणाले. हात बघ म्हणाले, वय बघ म्हणाले. काकी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "लग्नाला दोन वर्षं झाली तवा गाडी शिकवा म्हटलेलं. उद्या म्हणालात. आजपन मी बाजारात रिक्षानं जाते." त्यांचा आवाज चढला नव्हता. मी कपात बघत राहिले. मला तेव्हा पहिल्यांदा काकांचा राग आला. अर्ध्या नालासोपाऱ्याच्या बायका यांच्या हाताखालून गाडी शिकून गेल्या आणि घरातली बाई रिक्षा शोधत उभी राहते, हे मला आतापर्यंत दिसलं कसं नाही, याचाही आला.

काका बरेच दिवस टाळत होते. मग एका रविवारी ओहोटीच्या वेळी त्यांनी ताडपत्री सोडली.

पहिली दुपार त्यांनी काकींना फक्त मुठी सोडायला शिकवल्या. सर्वांत लहान पतंग, उभं राहून. उडवायचा, सोडायचा. पुढचा रविवारही तसाच गेला. काकी कंटाळल्या नाहीत. पंजाबी ड्रेस, माझे बूट, डोक्यावर काकांचं हेल्मेट. मासळीवाल्या बाया दोऱ्यांजवळून बघायला आल्या आणि आपसांत बोलून हसल्या. तिसऱ्या खेपेला काका काकींना म्हणाले, "बस." पायांच्या दांड्यांवर त्यांची पावलं त्यांनी स्वतःच्या हाताने नीट ठेवली. पट्टे बांधले, सोडले, पुन्हा बांधले. मग बाजूला झाले.

वारा मंद होता. पतंग वर गेला, एका बाजूला कलला आणि काकी निघाल्या. चालत्या माणसाच्या वेगाने, मग सायकलच्या. काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. काकी लहान होत गेल्या.

"काका, एवढ्या जणींना शिकवलंत," मी विचारलं. "काकींनाच का नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बाकीच्यांच्या शेजारी बसलो," ते म्हणाले, "तवा फार तर गाडी जाईल, एवढीच भीती असायची."

काकी लांब जाऊन वळल्या. वळताना गाडीचं एक चाक जमिनीवरून उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. काकांच्या तोंडून काहीतरी आवाज आला, तो शब्द नव्हता. त्या सरळ आमच्याकडे येत होत्या, येताना वेग वाढलेला होता, आणि हेल्मेटखाली त्यांचं तोंड उघडं होतं. हसत होत्या की ओरडत होत्या, लांबून कळत नव्हतं. आमच्यापर्यंत पोचायच्या बऱ्याच आधी त्यांनी दोन्ही हात पसरून उघडले. पतंग खाली बसला. गाडी थोडी घरंगळली आणि थांबली.

"थांबवली!" त्या ओरडल्या.

काकांनी मान हलवली. मग ते साखरपुड्याला घेतलेल्या नव्या पँटसकट ओल्या वाळूत मटकन बसले.

"परत जाऊ?" काकींनी विचारलं. पतंगाच्या दोऱ्या त्या नीट करायला लागल्याही होत्या.

"जा," काका म्हणाले आणि उठण्यासाठी त्यांनी माझा हात मागितला.